शेपटाकडचं पाणी

मागच्या हिवाळ्यात भर सभेत ठराव मांडून, स्वतः हात मोजून, मी आमच्याच वाड्याचं पाणी घालवलं.

ठराव माझा, सभेचा अध्यक्ष मी, मोजणीही माझीच. दुसऱ्या कुणाचा ह्यात काडीचा दोष नाही. असता तर मी तो एव्हाना शोधून काढला असता, कारण ते काम मला चांगलं जमतं.

आमचं गाव पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्या वाटेवर. गावाच्या वरच्या अंगाने एक व्हाळ, म्हणजे ओढा, येतो. पाऊस सरला आणि व्हाळाचं पाणी निवळलं की सगळे मिळून त्याला दगड, माती आणि माडाची झावळं घालून बांध घालतात. अडवलेलं पाणी पाटात घेतात आणि तो पाट चार वाडे फिरत खाली येतो. पहिला वरचा वाडा, मग देवळाकडचा, मग आंब्याखालचा आणि सगळ्यांत शेवटी आमचा सकयलवाडा. सकयल म्हणजे खाली. नावातच आमची पायरी सांगितलेली आहे. वरच्या वाड्यात चाळीसेक घरं, आमच्यात सात. त्या सातांतलं एक कायम बंद, कारण मालक मुंबईला.

बांध पुरा झाला की गावाच्या मांडावर चौघे बसतात. मांड म्हणजे शिमग्याच्या मिरवणुका, रोमट, जिथून निघतात ती देवळापुढची जागा; तिथे चप्पल घालून कुणी जात नाही आणि खोटं बोलून कुणाला पचत नाही, असं म्हणतात. पैकी चप्पलचं खरं आहे. एकेका वाड्याचा एकेक माणूस बसायचा, नारळ फोडायचा आणि पाण्याच्या पाळ्या ठरायच्या. ठरायच्या म्हणजे दरवर्षी त्याच ठरायच्या: पाणी पहिलं शेपटाकडे, मग चढत चढत वर. आमचा वाडा पहिला, वरचा वाडा शेवटचा, आणि चौघांनाही सारखे दिवस. असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. माणसाला फायदा होत असला की तो फारसं विचारत नाही.

आमच्या वाड्यातर्फे माझा चुलतभाऊ बसायचा. तो गेल्यावर ती जागा माझ्याकडे आली. पात्रता म्हणाल तर मी निवृत्त, मला वेळ, आणि वाड्यातल्या पुरुषांत चष्मा एकट्या मला. शेतीतलं म्हणाल तर मी अळसांद्याच्या वेलाला पावटा म्हणून पाणी घातलेलं आहे आणि बायकोने ते चारचौघांत सांगितलेलंही आहे. सगळी नोकरी मी डिचोलीला काढली. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ज्या विषयाच्या तासाला मुलं डबा खातात तो विषय. त्यात एक प्रश्न दर दोन वर्षांनी हमखास यायचा: प्रत्यक्ष लोकशाही आणि प्रातिनिधिक लोकशाही यांतील फरक स्पष्ट करा. पाच गुण. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारून फरक स्पष्ट करत असे. डावीकडे एका लहानशा नगराचे सगळे नागरिक चौकात जमून हात वर करताहेत, उजवीकडे एक माणूस टोपी घालून सगळ्यांच्या वतीने बोलतो आहे. डावीकडचं चित्र मी जरा जीव ओतून काढायचो. ते करायला आता जागा उरली नाही, देश फार मोठे झाले, असं म्हणून सुस्कारा टाकायचो आणि मुलांना गृहपाठ द्यायचो.

तर मांडावर पहिल्यांदा बसलो आणि माझ्या डोक्यात ती फळ्यावरची रेघ उभी राहिली. चाळीस घरांना एक तोंड आणि सात घरांना एक तोंड? हा कुठला न्याय? शिवाय बायका कुठे आहेत? मळ्यात वाकून भाजी लावतात त्या, पाटावर दुपारी राखण करतात त्या, आणि पाळी ठरवायला मांडावर आम्ही चार पुरुष, त्यांतला एक मी. हा विचार चूक नव्हता, हे मी आजही म्हणतो. फक्त त्यातला जो अन्याय होता तो आमच्या बाजूचा होता आणि तो मलाच खुपावा, एवढं माझं दुर्दैव. स्वतःच्या फायद्याविरुद्ध लढणारा माणूस मी पुस्तकात वाचला होता. प्रत्यक्षात कसा दिसतो, हे गावाने त्या हिवाळ्यात पाहिलं.

मी नारळ फोडू दिला नाही. म्हटलं, सगळ्यांना बोलवूया. बायांना, पोरांना, म्हणजे मत असलेल्या पोरांना, भाड्याने राहणाऱ्यांनाही. गावात राहतो त्या प्रत्येकाचा हात. वरच्या वाड्यातर्फे बसणारे दादा खूप वयस्कर. ते पानाला चुना लावत म्हणाले, बोलवा. त्या एका शब्दात त्यांनी किती करमणुकीची अपेक्षा धरली होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आमोण्याची, मांडवीच्या काठची. तिचं माहेर म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून पिकवलेली शेती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्या आमोण्यात बांध फुटला की मत कोण घेत नाही, चिखल घेऊन धावतात. मी म्हटलं, फुटलेल्या बांधाचा आणि लोकशाहीचा संबंध काय. ती म्हणाली, तोच मी विचारते आहे.

सभा रविवारी झाली. इतकी माणसं मी त्या मांडावर शिमगा सोडून कधी पाहिली नव्हती. वरच्या वाड्याच्या बाया ठेवणीतली लुगडी, साड्या नेसून, डोक्यात अबोली घालून आल्या होत्या. त्यांना आजवर कुणी कशाला बोलावलंच नव्हतं. आमच्या शेजारची वयनी, म्हणजे गेलेल्या चुलतभावाची बायको, सगळ्यांत पुढे बसली. वयनीचं सांगायला हवं, कारण खरं तर ही गोष्ट तिचीच आहे. पाटाच्या अगदी शेवटाला तिचा मळा. तिथे ती मिरची लावते. आखूड, जाड सालीची, वाळली की काळपट तांबडी होणारी. तिच्या सासूने ते बी राखलं, तिने पुढे राखलं. उन्हाळ्याच्या शेवटी लोक पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची घेतात, तेव्हा तिची पाटी सगळ्यांत आधी रिकामी होते. गावात त्या जातीचं बी दुसऱ्या कुणाकडे नाही. ते एका वर्षापुरतंच टिकतं, असं ती मानते. एक हंगाम चुकला तर गेलं.

हे सगळं मला माहीत होतं. तिच्या मिरचीचं लोणचं मी वर्षभर खातो.

मी भाषण केलं. कुठल्या नगरात कसे लोक जमायचे, ते सांगितलं. मग ठराव मांडला की ह्यापुढे पाण्याच्या पाळ्या चौघांनी न ठरवता सगळ्यांनी हात वर करून ठरवाव्यात. एकूण एक हात वर गेले. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या माझ्या कानात चांगल्या पाच-सात मिनिटं राहिल्या. तेवढाच वेळ त्या राहू शकत होत्या, कारण त्यानंतर वरच्या वाड्यातला माझा एक जुना विद्यार्थी उठला.

हा पोरगा वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपायचा. आता त्याची माड-पोफळीची कुळागरं आहेत आणि औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. त्याने शांतपणे ठराव मांडला: पाणी वरून सुरू व्हावं, खाली येत जावं, आणि घरांच्या संख्येप्रमाणे दिवस मिळावेत. चाळीस घरांना चाळीसांचे, सातांना सातांचे. मी म्हटलं, अरे, पण शेपटाकडून पाणी द्यायची रीत आहे. तो नम्रपणे म्हणाला,

“सर, रीत चौघांची होती. आता सगळ्यांची आहे. एक माणूस, एक मत, हे तुम्हीच शिकवलंत. मला त्यात पाचातले चार पडले होते.”

चार मीच दिले असणार. मला ते आठवेना, पण मुलं गुण विसरत नाहीत.

हात वर करा म्हणालो. वरचा वाडा अख्खा वर गेला. देवळाकडच्या वाड्याने हिशेब केला की आपण दुसरे, म्हणजे वाईट नाही, आणि त्यांचेही हात वर गेले. मागच्या बाजूला भिंतीला टेकून गडहिंग्लजकडचे पाच-सहा कामगार उभे होते. त्यांच्या घरमालकाचा हात वर गेला तसे त्यांचेही गेले. विरुद्ध हात मागितले. आंब्याखालच्या वाड्याचे थोडे आणि आमचे. वयनीने हात वर केला. त्या दिवसाआधी मांडावर तिने कधी हात वर केला नव्हता. कोपरातून सरळ, पोरं शाळेत करतात तसा, आणि मी मोजणी संपवून खाली घ्या म्हणेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

माझा हात खिशात होता. मी अध्यक्ष होतो. अध्यक्षाने तटस्थ राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीपाशी उंडे घेत होतो, तर त्या कामगारांतला एक भेटला. मला नमस्कार करून म्हणाला, “सर, काल सभा लई भारी झाली. नेमकं काय ठरलं हो?” मी त्याला सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, “मग तुमच्या वाड्याचं कसं?” मी म्हटलं, तुमचा हात वर होता. “मालकांनी केला म्हणून केला. खोली सोडायला लावली तर कुठं जायचं?” तो उंडे घेऊन कामावर गेला. वर्गात एवढ्या वर्षांत हा मुद्दा मी एकदाही घेतला नव्हता. फळ्यावर डावीकडे हात वर केलेल्या नागरिकांच्या मागे मी घरमालक कधी काढला नाही.

पहिली फेरी सुरू झाली. वरच्या वाड्याची पाळी झाली, देवळाकडची झाली, आंब्याखालची झाली. आमच्या पाळीच्या दिवशी मी आणि वयनी सकाळपासून आमच्या वाड्याकडच्या पाटाच्या तोंडाशी बसलो. दुपारपर्यंत पाटात एक ओलसर काळा पट्टा आला आणि तिथेच थांबला. पाणी आंब्यापर्यंत आलं होतं. पुढे ते येईना. संध्याकाळी आमची पाळी संपली, म्हणजे कागदोपत्री आम्हाला आमचा वाटा पोचला.

वयनीची मिरची तेव्हा फुलावर होती. दोन-तीन दिवसांत पांढरी फुलं देठासकट गळून वाफ्यात पडायला लागली. ती एक एक उचलून ओच्यात घ्यायची, जणू परत लावता येणार होती. मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला समजावता तरी आलं असतं. चौथ्या दिवशी ती बाल्दी घेऊन विहिरीवर आली, मी तिथेच होतो, आणि पाणी शेंदता शेंदता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“भावजी, माका मत दिलां तां बरां केलां. पण पाणी खंय गेलां?”

बाल्दी उचलून ती गेलीसुद्धा. मी विहिरीच्या काठावर उभा राहून उत्तर जुळवत होतो. त्या उत्तरात ‘बहुमत’ हा शब्द दोनदा आला होता, एवढं आठवतं.

मग मी, बायको आणि वयनी, तिघे बाल्द्या वाहायला लागलो. विहीर लहान, खाली गेलेली. मी वाहिलेलं निम्मं पाणी माझ्या लेंग्यावर आणि निम्मं वाटेवर. वाटेवर तण छान वाढलं.

ह्यातून मार्ग काढावा म्हणून मी जे केलं ते मत मागणारे सगळेच करतात: घरोघरी फिरलो. वरच्या वाड्यात एकेका घरी बसलो, चहा घेतला, फुलं गळताहेत ते सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. सर, बरोबर आहे तुमचं. एका घरी तर म्हातारीने डोळ्याला पदर लावला. मी पुन्हा सभा बोलावली आणि म्हटलं, पाळ्या पूर्वीसारख्या कराव्यात. हात मोजले. आमच्याविरुद्धचे हात मागच्या खेपेपेक्षा जास्त भरले, कारण मागच्या वेळी न आलेले ह्या वेळी, मी घरी येऊन आठवण केली म्हणून, आले होते. पदर लावलेल्या म्हातारीचा हात मला स्पष्ट दिसला. राग येईना. तिलाही घरी मळा आहे. मी तिच्यासमोर बसलो होतो तेव्हा तिला वयनी दिसत होती, आणि मांडावर बसली तेव्हा तिची सून शेजारी होती.

जुना विद्यार्थी जाताना थांबला. त्याला वाईट वाटत होतं, खरोखर. म्हणाला, सर, मी माझ्या वाड्याचं बघायचं नाही तर कुणी बघायचं? त्याचं खोटं नव्हतं. चाळीस घरांना सातांएवढेच दिवस, हेही काही सत्ययुगातलं नव्हतं.

नंतरच्या सकाळी मी खोरं घेऊन पाटाच्या काठाने वर चालत निघालो. पाणी आंब्यापाशी अडतं कशाला, ते तरी बघू म्हणून. एरवी ह्या दिवसांत पाट कसा विंचरल्यासारखा असायचा. आता त्यात पानं कुजत पडली होती, आणि काठाला जागोजाग कुर्ल्यांची, खेकड्यांची बिळं. एकेका बिळातून पाणी कुणाच्या तरी ओसाड जमिनीत चाललं होतं. देवळाकडच्या वाड्याखाली तर एके ठिकाणी पाट इतका गळत होता की तिथे म्हशी लोळत होत्या. मी दोन बिळं बुजवली, तिसऱ्याला माझी कंबर धरली आणि मी काठावर बसलो. बसल्याशिवाय मला विचार करता येत नाही. शाळेतही येत नसे.

आजवर ही बिळं कोण बुजवायचं? वरचा वाडा. देवळाकडचा वाडा. का बुजवायचे? पाणी शेपटापर्यंत पोचून आमची पाळी संपल्याखेरीज त्यांची सुरू होत नव्हती म्हणून. सगळ्यांत आधी शेवटच्याला, म्हणजे मधल्या प्रत्येकाला पाट शेवटपर्यंत साफ ठेवणं भाग. आता वरच्याचं भिजलं की त्याचं काम संपलं. बांधापासून त्याच्या मळ्यापर्यंतचा पाट साफ, पुढचा कुणाचाच नाही. म्हाताऱ्या चौघांची ती रीत मला इतके दिवस अंधश्रद्धेसारखी वाटली होती.

हे मी कुणाला जाऊन सांगायच्या आधीच ते देवळाकडच्या वाड्याला कळलं. तिसऱ्या फेरीला त्यांच्याही निम्म्या मळ्यांना पाणी पोचलं नाही. त्यांनी तर वरच्यांच्या बाजूने हात वर केला होता. पाटावर बरीच वादावादी झाली, खोरी आपटली गेली, एकमेकांच्या वाडवडलांची आठवण काढली गेली. संध्याकाळी वरच्या वाड्याचे दादा काठी टेकत माझ्या अंगणात आले. एवढं खाली ते कधी उतरत नसत. बायकोने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते म्हणाले,

“सर, हात मोजले म्हणान पाणी वाडना.”

मग म्हणाले, चौघे बसूया पुन्हा. मी आनंदाने हो म्हणणार, एवढ्यात दाराआडून बायको म्हणाली की चौघे म्हणजे चार पुरुष काय? बायांचे वर गेलेले हात आता खाली कोण करणार? दादांनी पान चघळत ह्यावर बराच विचार केला. त्यांची स्वतःची सून सभेला अबोली घालून आली होती आणि तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीला मत विचारायला लागली होती, असं ते म्हणाले. तेव्हा असं ठरलं, की मांडावर चौघेच बसावेत, पण प्रत्येक वाड्याने आपला माणूस घरच्या सगळ्यांचे हात घेऊन निवडावा. बाई असो, बाप्या असो.

आमच्या वाड्याची निवडणूक आमच्याच अंगणात झाली. मी उभा राहिलो. पाटाच्या काठावर बसून जे सुचलं होतं ते सगळं मांडावर समजावून सांगायला माझ्याशिवाय लायक माणूस मला दिसत नव्हता. वयनीचं नाव कुणीतरी सुचवलं. ती नको नको म्हणाली. हात मोजायचं काम ह्या वेळी मी शेजाऱ्याला दिलं, तटस्थतेचा मला कंटाळा आला होता. वयनीला सगळे हात पडले. मला एक. तो माझाच. बायकोचा हात वयनीसाठी वर होता आणि तो वर करताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला फरक स्पष्ट करता येतो, तिला पाणी लागतं.

मांडावर बसणाऱ्यांत दोन बाया होत्या: वयनी आणि आंब्याखालची एक. बाकी आम्ही सगळे देवळाच्या पायऱ्यांवर. तिथून बोलणं ऐकू येत होतं. दादांच्या जागी माझा जुना विद्यार्थी बसला होता. वरच्यांनी त्याला निवडलं होतं. वयनी फार बोलली नाही. तिने पदरातून गळलेली, वाळलेली फुलं काढून मांडावर ठेवली नाहीत की काही केलं नाही. मला वाटलं होतं ती तसं करील, मी असतो तर केलं असतं. तिने विचारलं, तुमची घरां जास्त, तर तुमका दीस जास्त जाय? तो म्हणाला, हो. ती म्हणाली, घेवा. पण पाणी पहिलां खाली सोडा. त्याने नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. ती म्हणाली, खाली पावलां म्हणजे तुमचो पाट साफ रवतलो, ना तर तुमी जास्त दीस घेवन करतले कितें, म्हशी न्हाणयतले? पायऱ्यांवर हशा झाला. वरच्या वाड्याचाही झाला.

असं ठरलं. क्रम जुना, खालून वर. दिवस नवे, घरांप्रमाणे, पण कुठल्याही वाड्याला पुरेल त्याहून कमी नाहीत. म्हणजे आमचे दिवस पूर्वीपेक्षा कमी झाले, पण पहिले झाले. विद्यार्थ्याने स्वतः नारळ फोडला. त्या पठ्ठ्याने नंतर वरच्या वाड्याची पोरं घेऊन बांधापासून आमच्या वाड्याच्या तोंडापर्यंतची सगळी बिळं बुजवली. मला सांगितलं, तुम्ही काठावर बसा, सर.

पाणी सुटायच्या दिवशी आम्ही तिघे वयनीच्या मळ्यात गेलो. अर्ध्याहून जास्त वाफे गेले होते. विहिरीकडचे काही आम्ही बाल्द्या घालून धरून ठेवले होते. त्यांत कुठे कुठे नखाएवढ्या हिरव्या मिरच्या लोंबत होत्या. म्हापशाच्या बाजाराचं ह्या वर्षी काही खरं नव्हतं. पण बी राहणार होतं, तेवढ्या झाडांना आता पाणी मिळालं तर. वयनी वाफ्याचं तोंड मोकळं करून, हातात खोरं धरून उभी होती. नजर वर पाटाकडे.

मी पाटाच्या टोकाला दोन पानं दिसली म्हणून ती काढायला आत उतरलो. आणि उतरल्यावर मला सुचलं. मी बायकोला म्हटलं, तुझ्या लक्षात येतंय का काय झालं ते? हे नुसतं प्रत्यक्षही नाही आणि नुसतं प्रातिनिधिकही नाही. क्रमामध्ये वाडा वाड्याच्या बरोबरीचा, मग तो केवढा का असेना. दिवसांमध्ये माणूस माणसाच्या बरोबरीचा. मोठ्या मोठ्या देशांनी दोन दोन सभागृहं बांधून जे साधलं ते आपल्या गावाने एका नारळात साधलं. मी असतो तर हे मांडावर नीट उलगडून सांगितलं असतं. बायको वाफ्याच्या कडेला बसून तण उपटत होती, तिने वर पाहिलं नाही. म्हणून मी वयनीकडे वळलो आणि म्हटलं, आता बघा वयनी, आपण जर ह्याचा मूळ तत्त्वापासून विचार केला,

“भावजी,” वयनी म्हणाली, “आदी पाटातसून भायर सरा. पाणी तुमच्याच पायांक अडलां हा.”